सिम्पसन वाळवंट गटाने पार करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्न, ॲडलेड, सिडनीतल्या मराठी कुटुंबांच्या गप्पांत सिम्पसनचं नाव हल्ली बरंच निघतं. फोर-व्हील ड्राइव्ह घेतली, छतावर तंबू बसवला, समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत दोन-चार चकरा झाल्या, की कुणीतरी म्हणतंच, "सगळे मिळून सिम्पसन करूया का?" त्या एका वाक्यानंतर जे प्रश्न सुरू होतात त्यांची ही उत्तरं. ती आमच्या गटाच्या पद्धतीप्रमाणे आहेत. काही कडक वाटतील; ती मुद्दाम तशी ठेवली आहेत.

सिम्पसन नेमकं कुठे आहे आणि आपण कुठून कुठे जातो?

साउथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे भेटतात, तिथे हे वाळवंट पसरलं आहे. क्षेत्रफळ सुमारे १,७६,००० चौरस किलोमीटर. यातल्या वाळूच्या टेकड्या एकमेकींना समांतर, साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे मैलोन्‌मैल धावतात. आपण त्यांना आडवे जातो, म्हणून एक उतरली की दुसरी समोर उभी. सगळ्या मिळून ११०० च्या वर टेकड्या आहेत असं म्हणतात.

आपला मार्ग असा: माउंट डेअर, तिथून डॅलहौसीचे गरम झरे, पर्नी बोअर, फ्रेंच लाइन, पोपेल कॉर्नर, क्यूएए लाइन, आयर क्रीक, बिग रेड ही मोठी टेकडी आणि शेवटी बर्ड्सव्हिल. अंतर ५०० किलोमीटरच्या थोडं पुढे. माउंट डेअर सोडल्यावर बर्ड्सव्हिलपर्यंत ना पंप, ना दुकान, ना पिण्याच्या पाण्याचा भरवशाचा नळ. एवढ्याला चार ते पाच मुक्काम लागतात. मेलबर्नहून निघून मेलबर्नला परत यायचं तर दोन आठवड्यांची रजा काढा.

फ्रेंच लाइन १९६३ साली तेलाचा शोध घेणाऱ्या फ्रेंच कंपनीसाठी पाडली गेली. भूगर्भ तपासायला सरळ रेषा हवी होती. टेकडीला वळसा घालण्याचा प्रश्नच नव्हता. आज आपली कंबर त्या सरळपणाची किंमत मोजते. रिग रोड हा दुसरा पर्याय लांबचा आहे. ड्रिलिंगची अवजड यंत्रं नेण्यासाठी त्यावर मातीचा थर घातला होता. आता तो ठिकठिकाणी उडाला आहे, तरी चढ त्यामानाने सौम्य आहेत. पहिल्यांदाच येणाऱ्यांची संख्या जास्त असेल तर आम्ही काही टप्पा रिग रोडने नेतो.

पश्चिमेकडून पूर्वेकडेच का?

टेकड्यांची पश्चिमेची बाजू सौम्य उताराची, पूर्वेची उभी. वाऱ्याने घडवलेली रचना आहे ही. पश्चिमेकडून आलात तर चढ सोपे आणि उतार तीव्र. उलट्या दिशेनेही लोक जातात, पण भरलेल्या गाड्या घेऊन गटाने जाताना उगाच कशाला?

कधी जायचं?

दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च सिम्पसनमधलं राष्ट्रीय उद्यान पूर्ण बंद असतं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तेव्हा बिघडलेली गाडी म्हणजे जिवावरचं संकट. आम्ही जून ते ऑगस्टमध्ये जातो. दिवसा विशीतलं सुखाचं तापमान, रात्री शून्याच्या आसपास. "वाळवंट आहे, गरम असेल" म्हणून एकच पातळ जॅकेट आणणारा दर गटात एक असतो. झोपायची पिशवी शून्याखालची चालेल अशी घ्या, कानटोपी घ्या.

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत गर्दी सर्वात जास्त. सप्टेंबरच्या सुरुवातीला बर्ड्सव्हिलच्या घोड्यांच्या शर्यती असतात. तेव्हा शंभरेक वस्तीच्या त्या गावात हजारो माणसं येतात आणि डिझेलसाठीही रांग लागते. तारखा ठरवताना आम्ही कॅलेंडरमध्ये अमावस्या शोधतो. जुलैच्या रात्री वृश्चिक थेट डोक्यावर असतो, दक्षिणेला त्रिशंकू. चंद्र नसला तर आकाशगंगेच्या उजेडात तंबूची दोरी दिसते.

तिथे पूर येतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि स्थानिक पाऊस न पडताही येतो. आयर क्रीक आणि डायमंटिना या नद्यांचं पाणी क्वीन्सलँडच्या आतल्या भागातून शेकडो किलोमीटर वाहत येतं. तिकडे पाऊस झाला की इकडे कोरड्या ठणठणीत हवेत काही आठवड्यांनी पात्र भरतं. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये पश्चिम क्वीन्सलँडमध्ये प्रचंड पूर आला आणि ते पाणी खाली आयर सरोवरापर्यंत पोचलं. अशा वर्षी आयर क्रीक ओलांडण्याचा नेहमीचा रस्ता पाण्याखाली जातो आणि उत्तरेकडून मोठा वळसा पडतो, किंवा रस्ताच बंद होतो.

म्हणून दरवेळी आमच्याकडे दुसरा बेत तयार असतो: उडनडाटा ट्रॅक आणि फ्लिंडर्सचे डोंगर. निघायच्या आठवड्यात दोन्ही राज्यांच्या उद्यानांच्या सूचना आणि रस्त्यांची स्थिती रोज पाहिली जाते. बंद रस्त्यावर "बघू तर खरं" म्हणून गाडी घालणाऱ्याला मोठा दंड होतो, आणि ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या पुढे कित्येक महिने सगळ्यांना भोवतात.

माझ्याकडे आरएव्ही४ आहे. चालेल का?

नाही. सीआर-व्ही, एक्स-ट्रेल, सुबारू आउटबॅक यांनाही हेच उत्तर. नावात आउटबॅक असलं तरी. चारही चाकांना ताकद मिळणं पुरेसं नाही. लो रेंज (हळू पण जास्त जोराने ओढणारे गिअर) हवी आणि गाडीचं पोट जमिनीपासून उंच हवं. चाकोऱ्यांच्या मधला वाळूचा उंचवटा खालून घासायला लागला की गाडी त्यावर बसते आणि चाकं नुसती फिरतात.

प्राडो, लँडक्रूझर, पॅट्रोल, पजेरो, एव्हरेस्ट, एमयू-एक्स, हायलक्स, रेंजर, ट्रायटन यांतलं काहीही चालेल. जिम्नीही जाते, आणि हलकी असल्यामुळे झकास जाते. तिच्यात सामान कुठे ठेवणार हा प्रश्न तुमचा.

भाड्याने फोर-व्हील ड्राइव्ह घेतली तर?

बहुतेक भाडेकरारांत सिम्पसन नाव घेऊन वगळलेलं असतं. लेखी परवानगी असेल तरच या. स्वतःच्या गाडीचा विमाही आधी वाचा. आतून गाडी ओढून आणायचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो आणि शहरातली नेहमीची रस्तासेवा तिथे येत नाही.

गटात किती गाड्या असाव्यात?

चार ते सहा. तीनपेक्षा कमी असतील तर एक बिघडल्यावर माणसं आणि सामान वाटून घ्यायला जागा उरत नाही. आठ झाल्या की दिवसाचा निम्मा वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो. एका टेकडीवर एका वेळी एकच गाडी चढते. प्रत्येकीला दोन मिनिटं धरली तरी दिवसाला शंभर टेकड्यांचा हिशेब तुम्हीच करून बघा.

इथे एक गैरसमज दूर करतो. "गट आहे ना, कुणाकडे तरी असेलच" या विचाराने निघालेला गट एकट्या गाडीपेक्षा जास्त धोक्यात असतो, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या डब्याचा भरवसा आणि डबा कुणाचाच नाही. आमचा नियम असा की प्रत्येक गाडी एकटीच चालली आहे असं समजून तिचं पाणी, डिझेल, अन्न, स्पेअर चाक, फावडं, कॉम्प्रेसर आणि औषधं भरायची. सॅटेलाइट फोन, मोठी औषधपेटी, वेल्डिंगचं सामान, दोन-तीन प्रकारचे बेल्ट आणि होज एवढंच गटात वाटून घेता येतं.

पुढच्या गाडीत वाट माहीत असलेला माणूस, शेवटच्या गाडीत दुरुस्ती येणारा माणूस. नवखे मधे. प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं: फाटा आला की मागची गाडी दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. एवढं पाळलं तर कुणी हरवत नाही. गटाचा वेग सर्वात हळू गाडीचा असतो आणि त्यावर तोंड वाकडं करायचं नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निराळा गट करावा; आम्ही राग धरत नाही.

आणि हो, गटाचा एक प्रमुख असतो. सगळं लोकशाहीने ठरवायचं म्हटलं तर सकाळी चहाच्या वेळेवरच मतदान होतं.

टायरमधली हवा कमी करायची म्हणजे किती?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

डांबरी रस्त्यावर तुमच्या टायरमध्ये ३६ ते ४० पीएसआय (दाबाचं माप) हवा असते. वाळवंटात शिरताना ती १८ पर्यंत आणा. मऊ वाळू लागली तर १६, अगदीच अडलात तर थोडा वेळ १४. हवा कमी झाली की टायरचा वाळूवर टेकणारा भाग लांब होतो, भार पसरतो आणि गाडी वाळूत रुतण्याऐवजी वरून जाते. रुंदीपेक्षा ही लांबीच कामाला येते.

"मी तीसवर पण चढवतो, माझं इंजिन दमदार आहे" असं म्हणणारे भेटतात. चढवतात ते, पण चाकं गरगर फिरवून. त्यामुळे चढावर एकामागून एक खड्डे पडतात, मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते हादरे बसतात, शॉक ॲब्सॉर्बर फुटतात आणि ट्रॅक खराब होतो. फ्रेंच लाइनची आजची अवस्था बरीचशी यामुळेच आहे.

हवा कमी असताना वेग कमी ठेवायचा आणि झटक्यात वळायचं नाही, नाहीतर टायर रिममधून निघतो. बर्ड्सव्हिलकडे टणक रस्ता लागला की पुन्हा हवा भरायची. त्यामुळे हवा मोजायचा गेज आणि चांगला कॉम्प्रेसर प्रत्येक गाडीत हवाच. सिगारेट लायटरमध्ये घालायचा खेळण्यातला पंप आणू नका.

टेकडी चढलीच नाही तर?

तर मागे यायचं आणि पुन्हा चढायचं. त्यात लाज कसली?

चढायच्या आधी लो रेंजमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर गिअर दुसऱ्या-तिसऱ्यावर धरून ठेवा, स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करा. वेग खाली सपाटीवर घ्यायचा, चढावर नाही. माथा जवळ आला की ॲक्सिलरेटर सोडत जायचं, कारण पलीकडे रस्ता डावीकडे वळतो की उजवीकडे ते बॉनेटमुळे दिसत नाही. आणि पलीकडून दुसरी गाडी येत असेल तर तेही नाही.

मधेच थांबलात तर चाकं फिरवत बसू नका. ब्रेक, रिव्हर्स, आणि ज्या चाकोऱ्यांतून आलात त्यांतूनच सरळ खाली. चढावर गाडी आडवी करण्याचा मोह झाला तर स्टिअरिंगवरून हात काढून घ्या. आडव्या गाड्याच उलटतात. खाली आल्यावर दोन पीएसआय हवा आणखी सोडा आणि पुन्हा या. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं.

रुतलेली गाडी ओढायची कशी?

आधी फावडं. चाकांच्या पुढची आणि पोटाखालची वाळू काढा, मग रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या) लावा. दहापैकी आठ गाड्या दोरीशिवाय निघतात. घाम गाळायचा कंटाळा येतो म्हणून लोक आधी दोरी काढतात.

स्नॅच स्ट्रॅप (गाडी ओढायचा ताणला जाणारा पट्टा) लावायचाच झाला तर दोन्ही गाड्यांना त्यासाठीच बसवलेले, वजन सोसणारे हुक हवेत. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला स्ट्रॅप कधीही, कुठल्याही परिस्थितीत लावायचा नाही. तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा काचेतून आत येतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं मेली आहेत. ओढताना स्ट्रॅपच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढणारेही नाही. विशेषतः व्हिडिओ काढणारे.

डिझेल किती न्यायचं?

महामार्गावर १०० किलोमीटरला १२ लिटर पिणारी गाडी वाळूत २० ते २५ पिऊ शकते. अंतर ५०० च्या वर, त्यात मागे येऊन पुन्हा चढणं, चुकलेला फाटा, पुराचा वळसा. आम्ही डिझेल गाडीला माउंट डेअर सोडताना किमान १५० ते १६० लिटर सांगतो, पेट्रोलला त्याहून बरंच जास्त. लांब पल्ल्याची टाकी नसेल तर धातूचे जेरीकॅन. डबे गाडीच्या आत प्रवाशांबरोबर ठेवायचे नाहीत, आणि छतावर शक्यतो नाहीच.

पाणी? आणि एवढं सगळं गाडीत मावतं कसं?

माणशी दिवसाला ७ लिटर: पिणं, स्वयंपाक, तोंड धुणं सगळं धरून. पाच दिवसांचा प्रवास असेल तर आठ दिवसांचं पाणी. पाऊस लागला तर वाटेतल्या कोरड्या खाऱ्या तळ्यांच्या कडेची माती चिकट होते आणि तीन दिवस आहे तिथेच बसावं लागू शकतं. पाणी एकाच टाकीत नको. एक टाकी फुटली तर सगळंच गेलं.

आता वजनाचा हिशेब. चौघांचं कुटुंब: ४ गुणिले ७ गुणिले ८ म्हणजे २२४ लिटर, म्हणजे २२४ किलो. १६० लिटर डिझेल म्हणजे सुमारे १३५ किलो. चार माणसं २५० किलो. इथेच ६०० ओलांडले, अजून फ्रिज, तंबू, स्पेअर, अवजारं, अन्न बाकी आहे. बऱ्याच वॅगनांची एकूण वहनक्षमता ६०० ते ७०० किलोच्या आसपास असते आणि बुलबार, विंच, ड्रॉवर यांनी त्यातली बरीच आधीच खाल्लेली असते. निघण्यापूर्वी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन आणा, आम्ही पावती मागतो. मग काय काढायचं ते आपोआप कळतं: घडीचं टेबल एकच पुरतं, खुर्च्या हलक्या मिळतात, आणि प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र बार्बेक्यू आणायची काहीही गरज नाही.

छतावर फक्त हलकं सामान. उडनडाटा ट्रॅकवरच्या पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्याने वजनदार रॅक मोडतात.

ट्रेलर किंवा कॅम्पर ट्रेलर आणू का?

नको.

संपर्क कसा ठेवायचा? मोबाइलला रेंज असते का?

माउंट डेअर ते बर्ड्सव्हिलच्या मधे रेंज नाही असंच धरून चाला. प्रत्येक गाडीत ५ वॉटचा यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाड्यांना आपसात बोलायचा वायरलेस, पाहिजे. सिम्पसनमध्ये सगळ्यांनी चॅनल १० वर कान ठेवायचा असतो. दर थोड्या वेळाने पुढची गाडी सांगते: "फ्रेंच लाइनवर पूर्वेकडे जाणाऱ्या पाच गाड्या", म्हणजे समोरून येणारे माथ्याआधी थांबतात. ही घोषणा इंग्रजीत करायची. आपसातल्या मराठी गप्पा, कोडी, अंताक्षरी यांसाठी दुसरा चॅनल. १० नंबर गप्पांनी अडवून ठेवला तर लोक चिडतात, आणि बरोबरच आहे.

गटात एक सॅटेलाइट फोन आणि प्रत्येक गाडीत ४०६ मेगाहर्ट्झचा आणीबाणीचा बीकन (उपग्रहामार्फत मदतीचा इशारा देणारं यंत्र). बीकनची नोंदणी ऑस्ट्रेलियन मेरीटाइम सेफ्टी अथॉरिटीकडे फुकट होते. नोंदणी नसलेला बीकन घेऊन येऊ नका. कुणी आजारी पडलं तर रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा आधार असतो. १९२८ पासून ही सेवा असल्याच मुलखासाठी चालते.

झेंडा आणि परवाने?

गाडीच्या पुढच्या बाजूला उंच काठीवर झेंडा लावणं सक्तीचं आहे: भडक केशरी-लाल किंवा पोपटी, किमान ३०० बाय २९० मिलिमीटर, वरची कड जमिनीपासून साडेतीन मीटर उंच. माथ्यापलीकडची गाडी दिसण्याआधी तिचा झेंडा दिसतो. साउथ ऑस्ट्रेलियासाठी डेझर्ट पार्क्स पास, क्वीन्सलँडच्या भागासाठी मुक्कामाचा परवाना. दोन्ही आधी ऑनलाइन काढायचे.

मोटारींच्या आधी इथे कोण येत होतं?

हा वांकांगुरू यार्लुयांडी लोकांचा प्रदेश. त्यांच्या भाषेतलं मुंगा-थिरी हे नाव आता दोन्ही राज्यांतल्या उद्यानांना आहे. साउथ ऑस्ट्रेलियातलं २०२१ मध्ये जाहीर झालं, ३६ लाख हेक्टरचं, देशातलं सर्वात मोठं. आपण २०० किलो पाणी घेऊन जिथे पाच दिवस काढतो, तिथे ही माणसं मिकिरी नावाच्या हाताने खोदलेल्या खोल विहिरींच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या राहिली. वाटेत दगडी हत्यारं, वाटण्याचे पाटे पडलेले दिसतात. बघा, फोटो काढा, जागेवरून हलवू नका.

सिम्पसन हे नाव १९२९ मध्ये सेसिल मॅडिगन यांनी विमानातून पाहणी केल्यावर दिलं, मोहिमेला पैसे पुरवणाऱ्या ॲडलेडच्या कारखानदाराचं. १९३६ मध्ये टेड कोल्सन उंटांवरून पार गेले. त्यांच्याबरोबर पीटर एन्स हे आदिवासी सहकारी होते, आणि त्यांचं नाव सांगायला लोक विसरतात. उंटांचा धागा आपल्या उपखंडापर्यंत येतो. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंट कराचीहून जहाजाने आणले होते. पुढे सिंध, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तानातले उंटवाले या देशाचा आतला सगळा मालवाहतुकीचा धंदा सांभाळत होते. त्यांनी पुढे मोकळे सोडलेल्या उंटांची पिलावळ तुम्हाला टेकडीच्या माथ्यावर उभी दिसेल.

पोपेल कॉर्नरला दोन राज्यं आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमांचा खांब आहे. १८८० मध्ये ऑगस्टस पोपेल यांनी मोजणी करून खुंट रोवला, नंतर कळलं की मोजायची साखळी इंचभर लांब होती. शेकडो मैल मोजल्यावर तो इंच साधारण ३०० मीटरचा झाला आणि खुंट हलवावा लागला. मुलांना गणितात अचूकपणा का लागतो ते इथे सांगा.

लहान मुलांना आणू का?

आणा. १९६२ मध्ये मोटारीने सिम्पसन पहिल्यांदा पार केलं ते भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांनी, पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन मुलांसह, निसान पॅट्रोलमधून. सहा वर्षांखालच्यांना मात्र दिवसभराचे हादरे सोसत नाहीत, तेव्हा दोन वर्षं थांबलात तर बरं. दुपारी चारला मुक्काम टाकायचा म्हणजे मुलांना टेकडीवर घसरायला उजेड मिळतो. एकटं टेकडीपलीकडे जायचं नाही आणि गळ्यात शिट्टी, हे दोन नियम.

आई-बाबा भारतातून आले आहेत. त्यांना दाखवायची फार इच्छा आहे.

इच्छा समजते, पण हृदयविकार, पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर नको. जवळच्या मोठ्या इस्पितळापर्यंत विमानानेच जावं लागतं आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांचा विमा हे सगळं सोसेलच असं नाही. ठणठणीत असतील, जमिनीवरून उठता-बसता येत असेल, तर काकाकाकूंना आम्ही आनंदाने घेतो. नाहीतर त्यांना फ्लिंडर्समधल्या विल्पीना पाउंडला न्या. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे, राहायला खोल्या आहेत आणि डोंगर अप्रतिम.

संडासाची सोय?

डॅलहौसीला आहे. पुढे फावडं घ्यायचं, मुक्कामापासून शंभर पावलं दूर जायचं, हातभर खोल खड्डा करायचा आणि बुजवायचा. कागद पिशवीत भरून परत न्यायचा. पुरलेला कागद डिंगो (इथले रानकुत्रे) उकरतात, वारा पसरवतो, आणि लोकप्रिय मुक्कामांच्या आसपास झुडपांना लटकलेला दिसतो. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स सगळं परत. आम्ही दोन गाड्यांत मिळून एक घडीचा तंबू आणि केमिकल कमोड नेतो. बायकांची निम्मी काळजी त्याने मिटते, आणि खरं सांगायचं तर पुरुषांचीही.

जेवणाचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, ट्रिपचा निर्णय व्हायच्याही आधी.

पहिले दोन दिवस घरून गोठवून आणलेलं: उसळ, रस्सा, मटण, पुरणपोळ्यासुद्धा. गोठवलेले डबे फ्रिजलाही थंड ठेवतात. नंतर कोरड्या शिध्यावर. पिठलं-भात, मुगाची खिचडी, मेतकूट-तूप-भात, सोबत ठेचा आणि लसणाची चटणी. गाडी चालू असताना धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग, लाडू. प्रेशर कुकर आणाच. गॅस वाचतो, पाणी वाचतं. आषाढी एकादशी वाटेत आली तर साबुदाणा सकाळी निघतानाच डब्यात भिजवा, संध्याकाळपर्यंत हादऱ्यांनी मोकळा होतो.

ताजी भाजी मेलबर्नहून आणू नका. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशी शिरू नये म्हणून सीमेवर फळं, टोमॅटो, मिरच्या, वांगी काढून घेतात आणि लपवलं तर दंड करतात. आईने प्रेमाने दिलेल्या परसातल्या हिरव्या मिरच्याही कचऱ्यात जातात. पोर्ट ऑगस्टाला सगळं मिळतं, तिथे घ्या.

उद्यानात लाकूडफाटा गोळा करायला बंदी आहे. वाळकी फांदी तिथल्या सरड्यांचं घर असते. शेकोटी हवी तर लाकूड बाहेरून आणा आणि त्या दिवशी आग पेटवायला मनाई नाही ना ते बघा. स्वयंपाक गॅसवरच, वाऱ्याला आडोसा लावून. भांडी आधी कागदाने पुसायची, मग स्प्रेच्या बाटलीतल्या पाण्याने. नळाखाली धुण्याची सवय पहिल्या दिवशीच मोडते.

साप?

जगातला सर्वात विषारी समजला जाणारा इनलँड टायपन याच टापूतला. पण थंडीत साप फारसे बाहेर पडत नाहीत आणि टायपन लाजाळू आहे. बूट झटकून घाला, रात्री टॉर्चशिवाय चालू नका, प्रत्येक गाडीत दाब देणाऱ्या रुंद पट्ट्या ठेवा. चावलं तर जखम धुवायची नाही, पट्टी घट्ट बांधायची, माणसाला हलू द्यायचं नाही, मदत बोलवायची. माश्यांचा त्रास मात्र नक्की होणार. डोक्यावरून घ्यायची जाळी आणा.

मला विचाराल तर सापापेक्षा स्पिनिफेक्स गवताची भीती जास्त. त्याच्या वाळक्या काड्या गाडीखाली एक्झॉस्टभोवती अडकतात आणि पेट घेतात. गाड्या पूर्ण जळाल्या आहेत. दर थांब्यावर खाली वाकून बघा, आकड्याने काढा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. या गवताचं बी रेडिएटरमध्ये बसून इंजिन तापतं, त्यासाठी पुढे जाळी लावा.

डॅलहौसीला पोहता येतं का?

येतं. पाणी ३४ ते ३८ अंश असतं, इथेच सापडणारे छोटे मासे पायाला चावे घेतात. साबण-शाम्पू नाही. पोहण्याचे कपडे सगळ्यात वर ठेवा, कारण यानंतर अंघोळ थेट बर्ड्सव्हिलला.

माझी गाडी मधेच बंद पडली तर गट पुढे जाईल का?

नाही. एक पूर्ण दिवस सगळे थांबतात आणि दुरुस्ती करून बघतात. जमलं नाही तर फोनवरून ओढून नेणाऱ्यांना बोलावलं जातं. तो खर्च गाडीच्या मालकाचा. माणसं बाकीच्या गाड्यांत, सामान जमेल तेवढं. एकटं चालत मदत आणायला कुणीही जायचं नाही. गाडी शोधणाऱ्यांना दिसते, माणूस दिसत नाही.

खर्चाची वाटणी?

डिझेल आणि परवाने ज्याचे त्याचे. सॅटेलाइट फोनचं भाडं, गटाची औषधपेटी आणि सामायिक शिधा गाडीमागे समान. "आम्ही दोघंच आहोत, तुम्ही पाच" हा वाद घरी मिटवून या.

मला सोमवारी एक मीटिंग आहे, उपग्रह इंटरनेट लावलं तर?

लावा. पण मीटिंग संपेपर्यंत गट थांबणार नाही.

बर्ड्सव्हिलला पोचल्यावर काय?

त्याआधी बिग रेड. चाळीसेक मीटर उंच, गावाच्या पश्चिमेला ३५ किलोमीटरवर. बाजूने सोपी वाट आहे, तिने गेलात तरी सिम्पसन पार केल्याचंच धरतो.

गावात शिरताना घड्याळ अर्धा तास पुढे करा, क्वीन्सलँडची वेळ वेगळी. बेकरीत उंटाच्या मांसाचा करी पाय मिळतो. शाकाहारींसाठी काय आहे ते विचारून घ्या. १८८४ पासूनचं हॉटेल समोरच आहे. डिझेल भरा, टायरमध्ये हवा भरा, अंघोळ करा, घरी फोन करा, मग फोटो टाका. याच क्रमाने, कारण घरचे फोटो आधी बघतात आणि फोन का नाही केला म्हणून रागावतात.

परतीला बर्ड्सव्हिल ट्रॅकने मारीपर्यंत ५०० किलोमीटरच्या वर खडीचा रस्ता आहे. टोकदार दगडांनी टायर इथे जास्त फुटतात, वाळवंटात नव्हे, तेव्हा स्पेअर बांधून टाकू नका. आणि क्वीन्सलँडहून पुन्हा साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना फळांचा नियम पुन्हा लागू होतो. बर्ड्सव्हिलला संत्री घेतलीत तर तिथेच संपवा.